एडिसन स्टँडर्ड, जसा होता तसा : कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

शिवाजी पेठेतल्या वाड्यातून आज मशीन घरी आलं. एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या नळीवर कोरलेला आवाज वाजवणारं चावीचं यंत्र. ओकची पेटी, वरचं झाकण, चावी, रिप्रोड्यूसर (सुई आणि पडदा असलेलं वाजवायचं डोकं), पितळी तोंडाचा काळा कर्णा आणि पुठ्ठ्याच्या डब्यांत सहा सिलिंडर, म्हणजे त्या मेणाच्या नळ्या. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट होणार आहे. माळा रिकामा करताना एका ट्रंकेत, घोंगड्यात गुंडाळलेलं हे सापडलं. घरचा नातू माझ्याकडे घड्याळं दुरुस्तीला आणतो, म्हणून निरोप आधी माझ्याकडे आला. भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभाच होता.

आजी नव्वदीच्या घरात आहेत. म्हणाल्या, "मामंजींच्या वडिलांनी मुंबैस्नं आणलेला. मामंजी कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. ते गेले आन् बाजा वर गेला, पुन्हा कुणी उतरवलाच न्हाई."

माझ्यासाठी या मशीनचं मोल यातच आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज पट्ट्यात जुने ग्रामोफोन अजून निघतात, पण बहुतेकांवरून कुणाचा ना कुणाचा हात फिरलेला असतो. पेटीला मेलामाइन मारलेलं, निकेल घासून खालचं पितळ उघडं पडलेलं, स्क्रू बदललेले. ज्याला कुणी शिवलंच नाही असं मशीन फार क्वचित समोर येतं.

नातू म्हणाला, "काका, पॉलिश मारून चकाचक करून घेऊ या का? किंमत पण वाढंल." त्याला काळ्या बेडप्लेटच्या (यंत्र ज्यावर बसतं त्या लोखंडी पाटाच्या) कडेची सोनेरी रेघ दाखवली. न्यू जर्सीतल्या कारखान्यात शंभरावर वर्षांपूर्वी ओढलेली, एका कोपऱ्यात किंचित जाड झालेली. रंगवायला घेतलं की सगळ्यात आधी ही रेघ जाते, आणि ती परत आणायला जगात कुठेही दुकान नाही. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "मग राहू द्या तसंच."

५ फेब्रुवारी

काहीही पुसायच्या आधी फोटो आणि स्थितिपत्रक. हा नियम मी कुठल्याही मशीनला मोडत नाही. धूळसुद्धा पुरावा असते: कुठे बोटं लागली, कुठे कधीच लागली नाहीत, हे धूळच सांगते.

घड्याळजीची नजर आधी स्क्रूच्या खाचांवर जाते. चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला की खाचेच्या कडा ओरबाडतात आणि ती खूण लपत नाही. इथे आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) लावून एकेक स्क्रू बघितला. बेडप्लेटच्या सगळ्या स्क्रूंच्या कडा कारखान्यातून निघाल्या तशा धारदार. म्हणजे मोटर आजवर खोललेलीच नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच बघतोय.

बाकीची स्थिती: मँड्रेलचं (सिलिंडर ज्यावर चढतं त्या फिरत्या भागाचं) निकेल नव्वद टक्के, डावीकडे थोडा करडेपणा. सुईला पुढे सरकवणाऱ्या फीड स्क्रूच्या आट्या स्वच्छ. नंबराची पट्टी जागेवर, पेटंटच्या तारखा वाचता येतात. पेटीच्या दर्शनी बाजूचं फितीच्या आकाराचं सोनेरी छापील चिन्ह जवळजवळ पूर्ण, एका टोकाला नखाएवढा टवका. पेटीच्या वॉर्निशला बारीक भेगांचं जाळं. कर्ण्याला एक पोचा, आतला काळा रंग मूळचा. कर्ण्याच्या टांगणीचा एक छोटा पेचस्क्रू नाही. चामड्याचा पट्टा तुटून बुकणा झालेला.

काळ ठरवायला दोन गोष्टी हाताशी आहेत. रिप्रोड्यूसर 'सी' मॉडेलचा आहे आणि तो १९०२ पासूनचा. १९०८ साली एडिसनने चार मिनिटांचं अँबेरॉल सिलिंडर बाजारात आणलं. त्याच्या आट्या (आवाज कोरलेल्या चऱ्या) इंचाला २००, आधीच्या दोन मिनिटांच्या सिलिंडरला १००. जुन्या मशीनला चार मिनिटांचे गिअर बसवून देण्याचा संच तेव्हा विकला जायचा आणि पुष्कळांनी तो बसवून घेतला. या मशीनला तो नाही. त्यामुळे १९०२ ते १९०८ मधलं मशीन असं धरून चालतो.

८ फेब्रुवारी

नातवाने विचारलं, "हे आणि ग्रामोफोन एकच का?" त्याच्यासाठी जे सांगितलं ते इथे टिपून ठेवतो.

एडिसनने १८७७ मध्ये आवाज पहिल्यांदा पकडला तो कथलाच्या पातळ पत्र्यावर. पुढे मेणाची नळी आली, म्हणजेच सिलिंडर. त्यावर सुई खाली-वर होते, खोली बदलत जाते. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचं पेटंट घेतलं. तिच्यात सुई डाव्या-उजव्या अंगाला हलते. बर्लिनरच्या यंत्राचं नाव ग्रामोफोन. सिलिंडरची मोठी गंमत म्हणजे त्याच मशीनवर रेकॉर्डरचं डोकं बसवलं की घरबसल्या स्वतःचा आवाज कोरता यायचा. तबकडीला ते जमत नव्हतं. पण तबकडी ठशाने भराभर छापता यायची, रचून ठेवता यायची, आणि बाजार तिच्याकडे गेला.

आपल्याकडे तर फारच लवकर गेला. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं ते तबकडीसाठी. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदहला तबकड्या छापायचा कारखानाच उभा राहिला. कलकत्त्यात एच. बोस यांनी सिलिंडरवर देशी गाणी काढली, रवींद्रनाथांचा आवाजही घेतला, पण ती लाट टिकली नाही. त्यामुळे इथल्या माळ्यांवर शंभर ग्रामोफोन निघतील तेव्हा एखादा सिलिंडरचा फोनोग्राफ निघाला तर निघाला. स्टँडर्ड हे एडिसनचं मध्यम घरांसाठी काढलेलं मॉडेल, १८९८ मध्ये वीस डॉलरचं. तिकडे अमाप खपलं. इथे आलेली किती, आणि त्यातली अशी राहिलेली किती!

१४ फेब्रुवारी

सफाई सुरू. आधी फक्त कोरडा मऊ ब्रश आणि फुंकणी. त्यानंतर चुलीच्या धुराचा चिकट थर उरतो, त्याला शिलाई मशीनचं तेल. कापसाच्या बोळ्याला अगदी थेंबभर, आधी पेटीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी लावून बघितलं. पाणी नाही, स्पिरिट नाही, अमोनिया तर नाहीच. या पेट्यांचं फिनिश लाखेचं, स्पिरिटचा बोळा फिरवला की विरघळून हाताशी येतं. सोनेरी चिन्हाची तीच गत.

ही लाख बहुतेक आपल्याच देशातून तिकडे गेलेली. पुढे ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्याही त्याच लाखेच्या झाल्या. आपल्या जंगलातल्या किड्यांनी झाडाच्या फांद्यांवर केलेली लाख समुद्रापार जाऊन पेटीवर बसली आणि शिवाजी पेठेत परत आली, हा विचार काम करताना डोक्यातून जात नव्हता.

बेडप्लेटचा उजवा कोपरा साफ करायला सगळी संध्याकाळ गेली. बोळा फिरवायचा, उलटा करून बघायचा. काजळी तपकिरी येते तोवर पुढे जायचं, बोळ्यावर काळा दिसू लागला की थांबायचं, कारण तो मूळचा रंग असतो. हळूहळू रेघेचा सोनेरी रंग वर आला. तिच्या आत आणखी एक तांबूस बारीक रेघ आहे हे आजच कळलं. निकेलला तेलाच्या बोळ्यापलीकडे काही लावलं नाही. ब्रासो या घरात येत नाही. निकेलचा थर कागदाहून पातळ असतो, आणि घासणारी पेस्ट दरवेळी त्यातला थोडा खाते.

वॉर्निशच्या भेगा तशाच ठेवल्या आहेत.

९ मार्च

आज रविवार. लक्ष्मीपुरीच्या बाजाराच्या बाजूने एका ओळखीच्याचा फोन, "दादा, शंभर वर्षांचा एचएमव्ही आलाय, लगेच या." गेलो. लांबूनच ओळखलं.

हे वारंवार विचारलं जातं म्हणून सविस्तर लिहितो. अष्टकोनी पेटी, तिच्या प्रत्येक फळीवर ठोकलेली पितळी नक्षी, आणि वर आरशासारखा चकाकणारा मोठा पितळी कर्णा. समोर कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी. असलं मॉडेल कंपनीने कधी काढलंच नाही. गेली कित्येक वर्षं आपल्याच देशात ही मशीनं जोडली जातात आणि हॉटेलांच्या दारात, लग्नाच्या हॉलमध्ये, परदेशी पाहुण्यांच्या सामानात जातात. आतली मोटर जुनी असते हे खरं, पण ती कुठल्या तरी पेटीवाल्या पोर्टेबलमधून काढलेली. म्हणजे एक खोटं मशीन उभं करायला एक खरं मोडलेलं असतं. मला याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

ओळखायचं कसं: कर्णा जिथे टोनआर्मला (सुईचं डोकं धरणाऱ्या पोकळ हाताला) मिळतो तो कोपरा बघा. खऱ्या मशीनचा सांधा नेमका, नजर अडत नाही असा. खोट्याचा जाडजूड, झाळ मारलेला किंवा ओबडधोबड ओतीव. पेटीखाली हात घाला, नवं लाकूड आणि आजच्या मापाचे स्क्रू लागतील. टोनआर्मचा कोन चुकलेला असतो, त्यामुळे सुई आटीच्या एका भिंतीला रेटून चालते आणि तबकडी कापली जाते. शोभेला ठेवायला कुणाची हरकत नाही. पण त्यावर बालगंधर्वांची तबकडी लावू नका, कळकळीने सांगतो.

विकणाऱ्याला हे सगळं माहीत नव्हतं असं वाटलं. त्याला स्टँडर्डचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "ह्याला तर गंज चढलाय की." गंज नव्हता, निकेलचा करडेपणा होता, पण त्याचं म्हणणं समजलं. बाजारात चमक विकली जाते.

२५ मार्च

मोटर. इतके दिवस मुद्दाम लांबवली होती, कारण इथे चूक करायला वाव नाही. आधी स्प्रिंग पूर्ण उतरलेली आहे याची खात्री, मगच बॅरलला हात. भरलेली स्प्रिंग बाहेर उसळली तर बोटं जातात. घड्याळाच्या स्प्रिंगचा अनुभव इथे पुरत नाही. हिची पट्टी बोटभर रुंद आणि ताण कितीतरी पट जास्त.

खाचांच्या नेमक्या जाडीचे स्क्रूड्रायव्हर घासून घेतले, एकेका स्क्रूसाठी पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून ठेवलं. स्क्रू हललेच नसते तर तसंच सोडलं असतं. रात्रभर तेल मुरवल्यावर सकाळी कुरकुर न करता सुटले.

बॅरलमधलं ग्रीस वाळून खरवडावं लागेल इतकं घट्ट. त्यामुळे स्प्रिंग गचके देत सुटत होती. स्प्रिंग हातमोजे घालून, एकेक वेढा हळूहळू सोडत काढली. मूळ पोलाद, मध्ये कुठेही वाकलेलं नाही. रॉकेलने धुतली, पेट्रोलियम जेली आणि ग्रॅफाइट कालवून परत भरली. जुनं ग्रीस एका इंजेक्शनच्या बाटलीत लेबल लावून ठेवलं आहे. पुढे कुणाला त्यात काय होतं ते बघावंसं वाटेल.

वेग सारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरची तिन्ही वजनं जागेवर, पातळ पट्ट्या शाबूत. दातेरी चाकांना घड्याळाचं तेल, तेही फक्त पिव्हटला.

३० मार्च

पाडवा. आजींच्या घरून विचारणा, आज वाजेल का. पट्टा नाही, त्यामुळे नाही.

१६ एप्रिल

पट्ट्याचं काम झालं, आणि ते कोल्हापुरातच व्हायला हवं होतं तसं झालं.

स्प्रिंगची ताकद मँड्रेलपर्यंत नेणारा चामड्याचा सपाट पट्टा एकाच जाडीचा लागतो. कुठे जरा जाड राहिला की पुलीवरून जाताना दर फेरीला धक्का बसतो, आणि तो धक्का थेट सुरात ऐकू येतो. बाजारात मिळणारं चामडं क्रोमने कमावलेलं, ते ताणतं. मला बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं हवं होतं, ज्याची आपली चप्पल होते. सुभाषनगरात एका कारागिरांकडे गेलो. त्यांना फोनोग्राफ काय ते माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. फक्त जुन्या पट्ट्याचा बुकणा झालेला तुकडा बोटात घेऊन वास घेतला, दुमडून बघितला. "ह्यो बी झाडाच्या सालीतलाच हाय," म्हणाले.

मग दगडी पाटावर चामडं पसरून रापीने सोलायला सुरुवात. रापी जवळजवळ आडवी, अंगठा मागे, आणि एकाच दमात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सोललेली कात्रण बाजूला पडत होती तिच्यातून उजेड दिसत होता. मध्येच थांबून डोळे मिटून बोटांच्या चिमटीतून पट्टी ओढायचे, जाड लागलं तिथे पुन्हा रापी. मी व्हर्निअर लावून बघितलं. इकडून तिकडे फरक काट्याला दिसेना. टोकं तिरपी तासून एकावर एक चिकटवली, जोड कुठे आहे ते शोधावं लागतं. पैसे विचारले तर एका चपलेच्या पट्ट्याचे सांगितले. त्यात भागणार नाही हे मी त्यांना पटवून दिलं.

टांगणीचा हरवलेला पेचस्क्रू शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर केला. एडिसनच्या कारखान्याच्या आट्या आजच्या कुठल्याच प्रमाणित मापात बसत नाहीत. शेजारच्या मूळ स्क्रूचा ठसा घेऊन, आटीचा गेज लावून, दोन प्रयत्नांत बसवला. मुद्दाम निकेल केलं नाही. डोक्याच्या आतल्या अंगाला '२५' ठोकून घेतलं. नव्याने घातलेला प्रत्येक भाग असाच खुणेचा असतो आणि स्थितिपत्रकात त्याची नोंद असते, म्हणजे माझ्यानंतर मशीन कुणाच्याही हातात गेलं तरी मूळ कोणतं आणि माझं कोणतं यात गोंधळ नको. लेथवाल्या पोराला सांगितलं, की याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. त्याला ते माहीत होतं. कोल्हापूरच्या लेथवर काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

२ मे

आज वाजलं.

आधी वेग. या सिलिंडरचा वेग मिनिटाला १६० फेरे. मँड्रेलच्या टोकाला कागदाचा कपटा लावून, समोर सेकंदकाटा ठेवून फेरे मोजायचे, गव्हर्नरचा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा मोजायचे. सुई टेकवल्यावर भार पडतो आणि वेग थोडा उतरतो, म्हणून मोजणी भारासकटच करायची.

सहापैकी चार सिलिंडर गोल्ड मोल्डेड, म्हणजे साच्यातली काळ्या मेणाची, नावं कडेला पांढऱ्या अक्षरांत कोरलेली. त्यातलं एक बँडचं घेतलं. सिलिंडर धरायचं आतून, दोन बोटं पसरून. आट्यांना बोट लागता कामा नये. थंड सिलिंडरला गरम हात लागला तरी मेण तडकू शकतं. म्हणून डबा उघडून तासभर खोलीतच ठेवला होता. मँड्रेल निमुळता असतो, त्यावर जेमतेम अडेल इतकंच सरकवायचं.

रिप्रोड्यूसरमध्ये अभ्रकाचा पडदा मूळचाच. त्याच्या कडेचं रबर दगडासारखं झालेलं होतं, ते फक्त बदललं, जुनं पाकिटात. नीलमण्याची सुई आयग्लासखाली बघितली: टोक गोल, घासलेलं नाही. हे सगळ्यात आधी बघायचं. टवका उडालेली सुई एकाच फेरीत सिलिंडर नांगरून काढते.

सुरुवातीला तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर, मग एक माणूस इंग्रजीत ओरडून तुकड्याचं नाव सांगतो, आणि लगेच कॉर्नेट. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, काही नाही. वाजवणाऱ्याच्या फुंकरीने मूळ मेणात जो खड्डा पडला, त्याचाच साच्यातून उतरलेला ठसा आता पडदा हलवतोय. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारत होत्या, मिरवणूक कुठली आलीय.

११ मे

आजींना घेऊन नातू आला. त्यांनी तेच बँडचं ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो न्हवं. भूपाळीचा लावा."

उरलेली दोन सिलिंडर मी त्यांच्यासमोर उघडली. दोन्ही तपकिरी मेणाची, कडेला नाव नाही. तपकिरी कोरी सिलिंडरं घरी आवाज घ्यायला मिळत, आणि ही तशीच आहेत: आट्या सुरू होतात तिथे एक वाकडी सुरुवात आहे, शेवटी बोटभर जागा कोरी. एकावर बुरशीचे पांढरे डाग. दुसरं बरंच स्वच्छ, आणि त्याच्या डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने मोडीत काहीतरी लिहिलेलं.

मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना फोटो पाठवला. संध्याकाळी उत्तर: "भूपाळी", आणि खाली पुसट झालेलं एक नाव. आजींनी ते नाव ऐकल्यावर सांगितलं, की ते मामंजींच्या आजीचं. आजींनी तो आवाज स्वतः कधी ऐकलेला नाही, घरात नुसतं बोललं जायचं.

२७ मे

मे संपायच्या आतच पाऊस लागला. भिंती आतापासून गार.

नातवाचं रोजचं म्हणणं, "काका, एकदा तरी लावू या की. एकदा." त्याला काय वाटतं ते मला कळतं. मलाही ऐकायचं आहे. तरी मी लावणार नाही, आणि कारण इथे नीट लिहून ठेवतो.

'सी' रिप्रोड्यूसर साच्यातल्या कडक मेणासाठी केलेला, वजनदार. तपकिरी मेण त्याच्यापुढे मऊ. एका फेरीत सुई आटीच्या तळातला बारीक कंप खरवडून नेईल, आणि दुसऱ्या वेळी ऐकायला पहिल्यापेक्षा कमी उरेल. घरच्या सिलिंडरची दुसरी प्रत नसते. बेडप्लेटची रेघ जपायला मी इतका वेळ घालवला. हा आवाज त्या रेघेपेक्षा हजारपट मूळचा आहे.

सुई न टेकवता आवाज काढता येतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि व्हितालिय फादेयेव यांनी आट्यांचे अतिसूक्ष्म फोटो घेऊन त्यातून संगणकाने आवाज परत उभा करायची पद्धत बसवली. तडकलेल्या, बुरशी लागलेल्या सिलिंडरांतूनही त्यांनी आवाज काढले आहेत. आपल्याकडे गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीताचं अभिलेखागार १९८२ पासून आहे, तिथे जुन्या ध्वनिमुद्रणांची जाण असलेली माणसं आहेत. सुरुवात तिथे विचारून करायची.

आजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग नातवाला म्हणाल्या, "मामंजी बी असंच म्हणायचे. र्‍हाऊ दे."

२२ जून

दमट हवेचा बंदोबस्त. बुरशी मेण खाते आणि खाल्लेलं भरून येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ तेवढी निघते. सिलिंडर उभी ठेवायची, आपापल्या डब्यात, डब्यातला जुना कापूस काढून टाकायचा कारण तोच ओल धरतो. मोठ्या पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून घ्यायचे, पुन्हा निळे होतात.

ज्यांच्याकडे निळी अँबेरॉल आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावं. १९१२ नंतरची ही सिलिंडरं सेल्युलॉइडची, बुरशी लागत नाही, पण आतला गाभा प्लास्टरचा. आपल्या पावसात प्लास्टर फुगतं आणि सिलिंडर मँड्रेलवर पूर्ण बसत नाही. जबरदस्तीने ढकललं की वरचं सेल्युलॉइड चिरतं. पुण्यातल्या एका संग्राहकाकडे असं चिरलेलं बघितलं आहे.

१३ जुलै

आज दुसऱ्या टेबलावर. एचएमव्हीचं १०२ पोर्टेबल, काळ्या रेक्झिनचं, हेही मूळ स्थितीतलं. १९३१ पासून निघालेलं मॉडेल. आमच्याच घरातलं असल्यामुळे त्याची वंशावळ पाठ आहे. फोनोग्राफ मी त्याच्या जपणुकीसाठी सांभाळतो. हे मात्र ऐकण्यासाठी. दर बाजूला नवी पोलादी सुई. तबकडीत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते, ती पहिल्या फेऱ्यांतच सुईला आटीच्या आकाराचं करते, आणि बाजू संपेस्तोवर टोक धार धरतं. तीच सुई पुढच्या बाजूला लावणं म्हणजे तबकडी मारणं.

केसरबाई केरकरांची ७८ लावली. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयाने याच शहरात राहिले, पण त्यांनी स्वतःची तबकडी होऊ दिली नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत येतं ते शिष्यांच्या तबकड्यांतून. आणि केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर बसवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आहे, सोबत सुईसुद्धा पाठवली आहे. एडिसनचा विचार शंभर वर्षांनी सूर्यमालेबाहेर निघाला तेव्हा त्यात कोल्हापूरच्या गायकीचा वाटा होता, हे इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगायला हवं.

साउंडबॉक्सच्या (सुई आणि पडद्याच्या डबीच्या) मागचं रबर कडक झालंय, ॲल्युमिनियमचा पडदा मधूनच खरखरतो.

१९ ऑगस्ट

पंचगंगेचं पाणी चढतंय. मंगळवार पेठेत माझ्या घराला धोका नाही, पण २०१९ मध्ये कुंभार गल्लीतल्या एका मित्राच्या तबकड्या पाण्यात गेल्या होत्या. लाखेला फार झालं नाही, लेबलं मात्र सगळी गेली, आणि आता कोणती तबकडी कुणाची हे वाजवल्याशिवाय कळत नाही. त्याची पेटी इकडे आणून ठेवली. ज्यांच्याकडे तबकड्या आहेत त्यांनी निदान लेबलांचे आणि मधल्या कोऱ्या भागात कोरलेल्या क्रमांकांचे फोटो आजच काढून ठेवावेत. तो क्रमांक पाण्याने जात नाही.

२४ ऑगस्ट

अभिलेखागारासाठी पत्र आज लिहून झालं, आजींची सही घेतली. सिलिंडर त्यांचंच आहे, माझ्याकडे फक्त सांभाळायला. मजकुरात मापं (लांबी सव्वाचार इंच, व्यास सव्वादोन), मेणाचा रंग, आट्या इंचाला १००, बुरशीची जागा, तडे नाहीत, आणि आमच्याकडे एकदाही वाजवलेलं नाही हे स्पष्ट. सोबत कडेचे, आतल्या बाजूचे आणि झाकणावरच्या मोडी अक्षरांचे फोटो. नातवाने स्वतः काढले, उजेड तिरपा ठेवून, आट्यांना सावली पडेल असे. चांगले आले आहेत. प्रवासात सिलिंडर कसं न्यायचं याची विचारणा शेवटी केली आहे. कुरिअरने पाठवायचं नाही, गरज पडली तर तो हातात घेऊन जाईल म्हणतो.

बुधवारी गणपती बसतील. आजींकडे आरतीनंतर बँडचं सिलिंडर लावायचं कबूल केलंय.

एचएमव्हीच्या गॅस्केटसाठी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणली आहे. जाडी बरोबर बसते. उद्या तेच काम.